चक्का आणि थरथरता ब्रेक

आमच्या बाबांची सायकल ब्रेक दाबला की थरथरायची, आणि ती दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नववीत शाळा सोडलेली आहे.

यात तर्क आहे. शाळा सुटल्यावर मी वाशिमकडच्या आमच्या गावात माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सायकल दुकानात बसायचे (म्हणजे पंक्चर काढायची बादली भरून द्यायचे). लग्न जमवताना अण्णांनी ठोकून दिलं, "पोरीले सायकलीतलं सगळं समजते." भोपाळच्या या शिकलेल्या घरानं मला हसत करून घेतलं, मार्कांचा विषयसुद्धा काढला नाही. त्या उपकारानं मी इतकी वाकलेली, की कुणी पाणी मागितलं तर मी ताट वाढून आणायचे!

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, कारखान्यातून रिटायर झाल्यावर डिस्क ब्रेकवाली माउंटन बाइक घेतली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फेरी मारून आले ते मनगट चोळतच.

"सूनबाई, ब्रेक दाबला की हँडल असं हलतं, वाटतं चालू मिक्सर धरलाय! रविवारी आमचं सायकल-मंडळ टेकडीवर जाणार आहे. उतारावर हे झालं तर मी थेट तलावात."

"मग जाऊच नका," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"जाणार! घरात सायकलवाल्याची लेक आहे, मी कशाला घाबरू?"

घाबरायचं काम माझ्याकडेच होतं. बाबा उतारावर पडले तर यांना मी तोंड काय दाखवणार? आमच्या गावी ब्रेक म्हणजे दोन रबरं, रिमला चिकटली की झालं. इथे चाकाच्या मधोमध झाऱ्यासारखी भोकं पाडलेली चकती! मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि जे ओळखीचं दिसलं ते आवळत सुटले. हँडल आवळलं, सीट आवळली, घंटीपण आवळली.

"आता?" मी विचारलं.

बाबा गल्लीत एक चक्कर मारून आले. "थरथर आहेच. पण घंटी वाजायची बंद झाली."

शेवटी मी गच्चीवर जाऊन गुपचूप अण्णांना फोन लावला.

"तेल सोड वं पोरी, तेल!" अण्णा ओरडले. (अण्णांचं सगळ्यावर हेच औषध. मला पडसं झालं तरी हेच.) "जिथं कुरकूर, तिथं तेल!"

मी चकतीवर तेल सोडलं. सढळ हातानं. परक्या गावात आपल्या माणसाचा सल्ला म्हणून दोन थेंब जास्तच.

थरथर एकदम गेली! ब्रेकसकट गेली. बाबा "वा, सूनबाई, वा!" म्हणत निघाले, कोपऱ्यावर ब्रेक दाबला, सायकल थांबेना, आणि ते समोरच्या तिवारीजींच्या उघड्या फाटकातून आत शिरून त्यांच्या झेंडूच्या वाफ्यात जाऊन विसावले.

"आओ भाईसाब," तिवारीजी पेपरातून मान वर करत म्हणाले, "चाय पियोगे?"

बाबा चहा पिऊनच आले. कानावर झेंडूची पाकळी होती. मला म्हणाले, "चहात आलं छान होतं." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं!

शनिवारी मात्र मी शरण गेले. अयोध्या नगरच्या रईसभाई मिस्त्रींना फोन लावला आणि हात काळे म्हणून स्पीकरवर टाकला. सासूबाई बाजूलाच ओट्याशी दह्याचं फडकं पिळत होत्या. रविवारी बाबांच्या मंडळींना श्रीखंड-पुरी होती.

"भाभी, पहले ये बताओ," रईसभाई म्हणाले, "अगले चक्के पे किसीने घी-तेल तो नईं लगा दिया?"

सासूबाई गर्रकन वळल्या. "काय बोलतोय हा? माझ्या चक्क्याला तूप? तीस वर्षं श्रीखंड करतेय मी! तूप मी सायकलीला लावलं, चक्क्याला नाही!"

फडक्यातून पाणी टपकलं.

"अम्मा," फोनमधून हळूच आवाज आला, "चक्का सायकल का ही होता है."

तेव्हा उलगडा झाला. दसऱ्याला वाहनाची पूजा करताना सासूबाईंना चाकातली ती चकती देवाच्या तबकासारखी दिसली होती. तुपात कुंकू कालवून त्यांनी तिच्यावर छान मोठं स्वस्तिक काढलं होतं. ब्रेक स्वस्तिकावर आला की थरथर! आणि ते पुसलं जायच्या आत मी वर तेल ओतलं होतं.

रईसभाईंनी येऊन चकती स्पिरिटनं पुसली, तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड बदलले. रविवारी बाबा टेकडी उतरून धडधाकट आले आणि श्रीखंडाच्या तीन वाट्या संपवून म्हणाले, "ब्रेक कसा, लोण्यासारखा!"

"तुपाचं नाव काढू नका," सासूबाई म्हणाल्या.

"मी लोणी म्हणालो!"

स्वस्तिकाचं पुढे कुणी नाव काढलं नाही. ते देवाचं होतं. तेल मात्र माझं होतं. आजही घरात मिक्सर घरघरला, पंखा कुरकुरला, बाबांचा गुडघा वाजला, तरी सासूबाई आधी माझ्याकडे बघतात आणि अगदी मायेनं विचारतात, "तू काही ओतलं नाहीस ना गं?"