बाबांच्या हातचं पेन

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागले तेव्हापासून एकाच शाईपेनानं लिहायचे. कागदावर त्याचा आवाजसुद्धा होत नसे. आम्हाला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "दुसऱ्याच्या हाती गेली का निब बिघडते," म्हणायचे.

ते गेल्यावर मी भंडाऱ्याहून त्याच कंपनीचं नवं पेन आणलं, तर ते कागद ओरबाडायला लागलं. कंपनीनं दर्जा पार घालवला, म्हणत मी दुकानदारावर तडकलो. खरं पेन कसं चालतं ते दाखवायला बाबांचं पेन नेलं, शाई भरली आणि तिथेच सही केली. त्यानंही कागद ओरबाडला.

"आता याले काय म्हनता, भाऊ?" दुकानदार म्हणाला.

बाबा डावखुरे होते. वर्षानुवर्षं ती निब त्यांच्याच हाताच्या कलानं झिजली होती. मी मागत होतो तसं पेन त्या कंपनीनं कधी विकलंच नव्हतं.