सासूबाईंचा आषाढ

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलं, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, छाती पुढे काढून सांगत. येताना आणलेली मराठी आम्ही अजून जपली आहे, हे खरं. पण आषाढ मात्र आम्ही इथला उचलला. पुण्याकडचे पाहुणे ऐकून हसायचे. रीत अशी की लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सुनेनं माहेरी जायचं. सासू-सुनेनं एका उंबऱ्याच्या आत राहायचं नाही आणि जावयानंही सासूच्या दारात पाऊल टाकायचं नाही. थोडक्यात, नव्या नवरा-बायकोनं महिनाभर लांब राहायचं. नवरा गावातच असला तर महिना कसाही निघून जातो.

माझा नवरा जर्मनीत होता.

लग्न झालं तेव्हा मी अठ्ठावीस ओलांडली होती. त्या काळच्या भाषेत घोडनवरी. विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होते. मीटर बरोबर फिरतो की नाही ते बघायचं आणि मग त्याला शिशाचं सील लावायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. नोकरी सोडणार नाही, ही माझी अट ऐकून चार स्थळं माघारी गेली. पाचवे हे. जर्मनीत यंत्रांच्या कंपनीत तीन वर्षांच्या करारावर होते, महिनाभराच्या रजेवर लग्नाला आले होते. माझी अट ऐकून म्हणाले, "मग काय, दोघंही यंत्रवालेच. जमेल." माघात लग्न झालं, फाल्गुनात हे परत गेले. चिकपेटच्या मागच्या गल्लीतल्या घरी मी आणि सासूबाई अशा दोघीच उरलो.

बारा दिवसांनी पत्र यायचं, बारा दिवसांनी माझं उत्तर पोचायचं. एकदा यांनी लिहिलं की त्यांच्या कंपनीचं एक यंत्र बंगळूरच्या गिऱ्हाइकाकडे बसवायचं आहे, तीन आठवड्यांचं काम, खर्च कंपनीचा. जुलैत जाणार की नोव्हेंबरात, असं साहेबानं विचारलंय. त्यानंतर करार संपेपर्यंत येणं नाही. मी उलट टपाली कळवलं, "जुलै. विचारता काय?"

पंचांग ना त्यांनी पाहिलं ना मी. कारखान्यातल्या भिंतीवर इंग्रजी तारखा, मी त्यांच्यावरच जगायचे. तिकीट ठरल्यावर सासूबाईंनी बोटं मोजली. तिन्ही आठवडे सबंध आषाढात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी बॅग घेऊन बंगळूरच्याच शिवाजीनगरला माहेरी आले. हे विमानानं सात समुद्र ओलांडून आले आणि चिकपेटला आईकडे उतरले. दुसऱ्या दिवशी मला भेटायला आले तर आमच्या फाटकाबाहेर उभे. अक्का, म्हणजे माझी आई, उंबऱ्याच्या आत उभी राहून जावयाची चौकशी करत होती, आणि कॉफीचा पेला माझ्या हाती फाटकाबाहेर पोचत होता. रस्त्यावरचे लोक बघत होते. परदेशातून आलेला जावई भिंतीला टेकून कॉफी पितोय! हे तर मजेत होते. "जर्मनीत उभ्यानं प्यायची सवय झालीय," असं अक्काला सांगत होते.

रोज सकाळी हे बसस्टँडवर यायचे आणि कारखान्यापर्यंत माझ्याबरोबर बसमधून यायचे. यांचं काम गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी आम्ही बागेत बाकावर बसायचो. एकदा तर हवालदारानं दरडावून विचारलं, "तुम्ही कोण एकमेकांचे?" मी मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं आणि यांना हसू आवरेना. मला मात्र रडू यायला लागलं होतं. नऊ दिवस असेच गेले. बारा उरले होते, आणि मला मूल हवं होतं. यांनाही हवं होतं. आता गेले की दोन-अडीच वर्षांनी येणार, तेव्हा मी एकतीस-बत्तीसची. आमच्या टेबलावरच्या दोघीजणी तेवढ्या वयात थांबून थांबून थकल्या होत्या, ते मी रोज बघत होते.

अक्काला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "स्वल्प दिवस राहिलेत, सोस. आणि आषाढात राहिलेलं मूल चैत्राच्या उन्हाळ्यात जन्मतं, बाळंतिणीचे हाल होतात." बंगळूरचा उन्हाळा! सकाळी शाल लागते इथे. मी आषाढाचं असं काय घोडं मारलं होतं, तेच मला कळेना.

शनिवारी अर्ध्या दिवसानं कारखाना सुटला आणि मी तडक चिकपेटला गेले. हे कामावर होते. मी गल्लीत उभी, सासूबाई दाराच्या आत. फुलवाली बाई समोरच गजरे करत बसली होती. भीड ही भिकेची बहीण, असा मनात जप करत मी बोलायला तोंड उघडलं आणि ठरवलेलं सगळं विसरले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मला मूल हवंय. आत्ता हवंय. आणि नोकरीही हवीय. हे मी कुणाला सांगू?"

गजऱ्याचा दोरा थांबला. सासूबाई म्हणाल्या, "सरी." आणि आत गेल्या. सरी म्हणजे कानडीत 'बरं'. पण म्हणजे काय बरं? मी संसार रस्त्यावर मांडला, आता या कधी तोंड बघणार नाहीत माझं, असंच वाटत राहिलं. रात्रभर स्वतःवर चिडत होते.

रविवारी सकाळी सासूबाई आमच्या फाटकाशी टांग्यातून उतरल्या. टांग्यात त्यांची ट्रंक होती. त्यांनी फाटकातूनच माझ्या हातावर घराच्या किल्ल्या ठेवल्या.

"सासू-सुनेनं एका उंबऱ्यात राहायचं नाही, एवढंच शास्त्र," त्या म्हणाल्या. "दोघींपैकी कुणी जायचं, ते कुठं सांगितलंय? मीपण कुणाची तरी सूनच आहे. मलापण माहेर आहे. तुमकूरला भावाकडे चाललेय."

अक्का दारातून म्हणाली, "विहीणबाई, या वयात? लोक हसतील."

"हसू देत," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझ्या पहिल्या आषाढात तुझे सासरे दहा दिवसांच्या रजेवर आले होते. मी तुमकूरला. रजा संपली, गेले. भेट झाली ती दिवाळीला. मला कुणी विचारलं नाही आणि मीपण तोंड उघडलं नाही. तू उघडलंस, बरं केलंस."

एकसष्टाव्या वर्षी सासूबाई आषाढासाठी माहेरी गेल्या. त्यांना निरोप देताना मी फाटकावरच त्यांच्या गळ्यात पडले. मधे फाटकाच्या सळया होत्या, त्या दोघींनाही टोचल्या.

ते बारा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. संध्याकाळी घरी यावं तर हे आधीच येऊन चुलीपाशी, जर्मन पद्धतीचे बटाटे करत असायचे. त्या बटाट्यांना तिखटमीठ फारसं लागत नव्हतं. पुरुष स्वयंपाक करतो म्हणून समोरच्या घरातून माना उंचावून बघणं चालायचं, आणि हे त्यांना झारा हलवून नमस्कार करायचे. आम्ही खूप हसलो. निघायच्या दिवशी मात्र दोघांच्याही घशाखाली घास उतरला नाही.

भाद्रपदात टेबलावर बसल्या बसल्या मला शेजारी तारा डाखताना निघणाऱ्या सोल्डरच्या धुराचा वास नकोसा झाला. यांना पत्र लिहिलं, पण पहिली बातमी सांगितली ती सासूबाईंना. तेव्हापासून त्या रोज डबा भरून देऊ लागल्या, आणि आठव्या महिन्यापर्यंत मी एकही दिवस कामाला चुकले नाही.

मुलगी झाली ती चैत्रातच. पहाटे हवा इतकी गार होती की नर्सनं तिला दोन दुपट्ट्यांत गुंडाळलं. यांना तार गेली. लेक हातात घेता आली ती चालायला-बोलायला लागल्यावरच, पण तारेच्या उत्तरात यांनी आधी आपल्या आईला नमस्कार लिहिला होता.

बारशाला घर बायकांनी भरलं. यांची एक चुलत आत्या पाळण्याशी बसून बोटांची पेरं मोजू लागली. चैत्र, फाल्गुन, माघ असं मागं मागं जात. शेवटच्या पेरावर आत्या थांबली आणि म्हणाली, "अगोबाई! म्हणजे आषाढात? आणि नोकरी तरी सोडली की नाही हिनं?"

सासूबाई घुगऱ्या वाटत होत्या. त्यांनी आत्याच्या ओंजळीत जरा जास्तच घातल्या.

"आषाढातलीच आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "मी घर सोडून गेले होते ना, तेव्हाची. आणि सून पुढच्या महिन्यापासून कामावर जाणार आहे. नात माझ्याजवळ राहील."

मी पाळण्याची दोरी हातात धरून सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.