आता मला कुणी दिसत नाही, बोला

प्रश्न विचारून झाला की बाई चष्मा काढायच्या. पदराच्या टोकानं काचा पुसत म्हणायच्या, "आता मला कुणी दिसत नाही. बोला." जाड भिंगांचा चष्मा तो, काढल्यावर त्यांना समोरचा माणूस आणि खुर्ची यांतला फरक कळत नसावा.

तासगावच्या पुढं माळावर आमची सैन्यभरतीची अकादमी. शिकवणारे आम्ही सगळे माजी सैनिक. पोरं आम्हाला उस्ताद म्हणतात. पळवणं, लोळवणं, ओरडणं यांत आमचा हात धरणारं कुणी नाही. पण मालकांनी पत्रकावर 'नेतृत्वगुण' असं छापलं आणि ते शिकवायचं कुणी, हा प्रश्न आला. म्हणून कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाई दर शनिवारी एसटीनं येऊ लागल्या. पोरांना नाही, आम्हाला शिकवायला. गोष्टी, इतिहासातले पेच, नाटकातले प्रवेश, आणि पर्समध्ये बेदाण्यांची पुडी. मिशांना पीळ दिलेली माणसं बाकांवर बसून गोष्ट ऐकतायत, हे चित्र तुम्हीच डोळ्यांपुढं आणा.

पहिल्याच तासाला त्यांनी एका गडाची गोष्ट सांगितली. किल्लेदारानं फौजेला चोरवाटेनं उतरायचा हुकूम दिलाय. वाट पावसानं तुटलीय, हे फक्त पहारेकऱ्याला ठाऊक आहे. त्यानं काय करावं?

आम्ही सगळ्यांनी सुभेदारांकडं पाहिलं. ते आमच्यात हुद्द्यानं मोठे. सुभेदार म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम." मग आम्हीही तेच म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सांगाय पायजे की, गड्या. मानसं मरतील."

सुभेदार गर्रकन वळले.

"सुभेदार, मागं बघू नका," बाई म्हणाल्या. "कोण बोललं त्यापेक्षा काय बोललं ते बघा." त्यांना दिसलं कसं, कुणास ठाऊक.

पुढं त्यांनी त्याच गोष्टीचा प्रवेश बसवला. सुभेदारांना वाटलं, किल्लेदार आपणच. बाईंनी त्यांना पहारेकरी केलं. "साहेब, हे चुकतंय," एवढंच वाक्य. सुभेदार ताठ उभे राहिले, पण वाक्य काही बाहेर येईना. आम्हाला हसू येत होतं आणि त्यांची दयाही. "आवं बाई, जलम गेला 'व्हय' म्हन्न्यात," ते शेवटी म्हणाले. बाईंनी त्यांच्या तळहातावर चार बेदाणे ठेवले. "पुढच्या शनिवारी."

दारात उभे असलेले मालक म्हणाले, "बाई, माझे उस्ताद नाटकं करायला ठेवले नाहीत."

मग वार्षिक कार्यक्रमाचा शनिवार आला. सकाळची दौड पाहुण्यांची वाट पाहत लांबत गेली. पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पोरं पहाटेपासून मैदानावर रांगेत. दोघं ओकून सावलीत आडवे पडलेले. आम्ही सगळं बघत होतो आणि एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. मालक माइकवर म्हणाले, "आता आमची मुलं पूर्ण घाटरस्ता पळून दाखवतील."

आम्ही मालकांच्या पाठीमागं ओळीत उभे. बाई समोर, पाहुण्यांच्या कडेला. शिट्टी माझ्याच हातात होती. ती ओठांशी नेली आणि शेजारून आवाज आला, "साहेब, हे चुकतंय. पोरं पडतील."

मालक वळले. ओळीत सगळ्यांच्या माना सरळ.

"कोण बोललं?"

मालक बाईंकडं फिरले. "बाई, तुम्ही समोर होता. कोण बोललं?"

बाईंनी शांतपणे चष्मा काढला आणि पदरानं काचा पुसायला लागल्या. "मला काही दिसत नाही हो."

तेवढ्यात सुभेदार एक पाऊल पुढं झाले. टाचा जुळल्याचा आवाज आला. "मी बोल्लो, साहेब."

बाईंनी घाईघाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. एक काडी कानामागं बसेना. "आता दिसलं," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांदेखत मालक कसंनुसं हसले आणि दौड दुसऱ्या सकाळवर ढकलली. मी शिट्टी खिशात घातली. सुभेदारांवाचून अकादमी चालत नाही, म्हणून ते राहिले. पुढच्या शनिवारी एसटी आली, पण बाई उतरल्या नाहीत. मालकांनी फोन करून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आम्हाला फार लागलं ते. सुभेदार तासगावला त्यांच्या घरी जाऊन आले. काय म्हणाल्या, असं आम्ही विचारलं, तर म्हणाले, "बेदाणे दिले."

शनिवारचा तास मात्र आम्ही मोडला नाही. आता सुभेदार घेतात. ते गोष्ट सांगतात, प्रश्न विचारतात, आणि वाचायचा चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणतात, "आता मला कोन दिसत न्हाई. बोला."

परवा मी न राहवून म्हणालो, "सुभेदार, तुमचा चष्मा जवळचा हाय. काढल्यावर आमी तुमाला चांगले दिसतो."

"व्हय, दिसताय की," सुभेदार म्हणाले. "तरी बोला."