घोडीच्या रक्तात सापडलेलं औषध

खांब गावात आमच्या शेताला लागूनच माझ्या घोडीचा तबेला आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तिला माझ्या मोठ्या भावानं तयार केलं होतं आणि स्वार मी होते. शर्यतीच्या आधी कोलाडच्या रस्त्यावर सराव करताना तिचा पुढचा पाय दुखावला. मी माघार घ्यायला निघाले, तर दादा म्हणाला, "शेक दिलाय गो, आता बरी हाय ती."

शर्यतीत ती खरंच छान धावली. प्रत्येक टप्प्यावर घोड्यांच्या डॉक्टरांनी तिला चालवून बघितलं आणि पुढं सोडलं. आम्ही पहिल्या आलो. दादानं रोह्याहून पेढे आणून गावभर वाटले.

मग रक्ताच्या तपासणीत दुखणं दाबणारं औषध निघालं. नंबर गेला, माझ्यावर बंदी आली. विचारलं तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "सगळेच टोचतात. तुला सांगितलं असतं तर तू बसलीच नसतीस."

"व्हय, नसतेच बसले."

बंदीचं एवढं वाटलं नाही. पण तिला दुखणं कळत नव्हतं म्हणून ती त्या पायावर पळत राहिली आणि मी तिची मान थोपटत होते. तिचा पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर मी दादाला तबेल्यात पाऊल टाकू दिलं नाही.