दिवा लागला, तरी नापास

बल्ब लागला आणि काकू नापास झाली.

वायरिंगच्या वर्गातल्या पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. तिच्या निम्म्या वयाची ती पोरं; 'काकू' हे नाव त्यांचंच. सरांनी मात्र बटण बंद केलं, बल्ब काढला आणि रिकाम्या होल्डरला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला इवलासा दिवा लालेलाल.

"बल्ब विझला, वीज तिथंच आहे," सर म्हणाले. "बटण वीज आणणाऱ्या फेजच्या तारेवर हवं, तुम्ही परतीच्या न्यूट्रलवर घेतलंत. उद्या कुणी बल्ब काढायला हात घातला म्हणजे?"

वीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. शिवण उसवावी तशी हलक्या हातानं तार सोलायची, तांब्यावर ओरखडा उठू द्यायची नाही. आणि चुकली ती अशी. फेरपरीक्षा आठ दिवसांनी. त्यात पास झाली तर पंपांच्या कारखान्यातली जागा तिची, नाही तर ती दुसऱ्या कुणाची.

घरी सासरे जिन्याशी पेपर वाचत बसले होते.

"काय झालं, सूनबाई?"

"दिवा लागला, पण नापास."

"हे बरंय. आमच्या वेळी दिवा लागला की काम झालं. हे सगळं घर मी एकट्यानं जोडलंय. तीस वर्षांत एक दिवा रुसला नाही."

तिच्या मनात काय आलं कोण जाणे. पिशवीतून टेस्टर काढून तिनं आधी चालू प्लगमध्ये घातला; तो पेटला, म्हणजे शाबूत. मग जिन्यातलं बटण बंद केलं, स्टुलावर चढली, बल्ब काढून होल्डरला टेस्टर लावला.

लालेलाल.

तिला हसू आवरेना. "मामंजी, तुम्हीपण नापास."

"अगं, लागतो ना दिवा?"

"लागायचं काय, लागतो हो. होल्डरातली वीज बंद होत नाही, एवढंच."

मामंजींनी चष्मा लावून स्वतः पाहिलं. "याच दिव्यांची जळमटं काढतोय मी इतकी वर्षं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विच बंद करून, स्टूल धरून तेच उभे. "चल, कर सुरू. इतकी चुकलेली वही तुला दुसरीकडे मिळायची नाही."

अकरा दिवे. मामंजी स्टूल धरत, पक्कड पुढे करत आणि सूचना देत. सूचना ती ऐकायची नाही. सात दिवे चुकलेले निघाले, चार बरोबर.

"ते चार मी मुद्दाम तसे केले होते," मामंजी म्हणाले.

"सातांचं काय मग?"

"तुझ्यासाठी ठेवले होते."

फेरपरीक्षेत बल्ब लागला तेव्हा पोरांनी हात वर नेले, पण काकूच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. सर पोचायच्या आत तिनं स्वतःच बटण बंद केलं, बल्ब काढला, टेस्टर टेकवला. काळोख.

"टेस्टरच बिघडला असेल तर?" सरांनी विचारलं.

तिनं तो शेजारच्या चालू प्लगमध्ये घातला. पेटला. सरांनी वहीत खूण केली आणि मग पोरांनी राहिलेल्या टाळ्या वाजवून घेतल्या.

ती घरी आली तर मामंजी दारातच. "पास?"

"पास. कारखान्यात सोमवारपासून."

मामंजी तडक वळले. आत गेले आणि भर दुपारी त्यांनी घरातले अकराच्या अकरा दिवे लावले. मग एकेक करून बंद केले आणि प्रत्येक दिव्याखाली स्टुलावर चढून, बल्ब काढून, तिच्याकडे बघत, टेस्टरसाठी हात पुढे केला.