जयरामबाबांचा बांध आणि जिजाचं एम.ए.

जूचंद्रच्या जिजा पाटीलने अडतिसाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा गावाला हसू आवरेना. दहावी लग्नानंतर, बी.ए. दोन मुलांनंतर, आणि आता हे. विषय तरी कोणता, तर आंतरराष्ट्रीय संबंध! "अमेरिका-रशियाचा भांडन सोडवाला चालली," असं पुतळाबाई नळावर म्हणाली. जिजाने हंडा भरता भरता उत्तर दिलं, "आधी नळावरचं सोडवते." ऐकून घेणं तिला जमत नसे, आणि जमायला हवं असं तिला वाटतही नसे.

पण २००१ साल उजाडलं तेव्हा तिचं तोंड जरा बंद झालं होतं. आदल्या वर्षी वसईच्या कॉलेजातल्या सुमेध सरांनी तिचा प्रबंध नापास केला होता. नोंदणीची मुदत संपत आली होती. या खेपेची त्याच प्रबंधावरची तोंडी परीक्षा गेली की एम.ए. कायमचं गेलं, आणि ज्युनियर कॉलेजात शिकवायचं तिचं स्वप्नही.

सुमेध सर कट्टर वास्तववादी. म्हणजे काय, ते पहिल्या तासालाच सांगून मोकळे होत: "गावात भांडण झालं तर फौजदार येतो. राष्ट्रांच्या डोक्यावर फौजदार नाही. म्हणून प्रत्येकाने आपली ताकद वाढवायची आणि शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. बाकी सगळ्या गोड गप्पा." जिजाला हे पुरतं पटत नसे. तिच्या डोळ्यांसमोर खाडी यायची.

खाडीच्या अलीकडे जूचंद्रची भातशेती, पलीकडे दुसऱ्या गावाची. खारं पाणी अडवायला दोन्हीकडे मातीचे बांध. एकाने बांध उंच केला की उधाणाचं पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरणार. म्हणून होळी झाली की दर वर्षी पलीकडची माणसं होडीतून येऊन जूचंद्रचा बांध काठीने मोजत, आणि त्याच काठीने जूचंद्रची माणसं तिकडचा मोजत. कुणा फौजदाराशिवाय हे चालत आलेलं. जिजाने त्यावरच प्रबंध लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की एका साली पलीकडच्यांनी लबाडीने बांध वाढवला, मग आपल्यालाही वाढवावा लागला, दोन्ही फुटले आणि तेव्हापासून ही रीत पडली.

सरांनी लाल शाईत लिहिलं, "शेजारी लबाड निघाला हे तुम्हीच सांगता. मग माझंच म्हणणं सिद्ध होतं."

सरांचं चुकलं नव्हतं, आणि तेच जिजाला जास्त झोंबलं. कारण तिने लिहिलेलं खोटं होतं. पलीकडच्यांनी काही केलंच नव्हतं. पहिली माती टाकली ती तिच्या सासऱ्याने, जयरामबाबांनी. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अठ्ठावीस वर्षं ते उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं. घरची झाकली मूठ प्रबंधात उघडणार कोण? सुनेने तर मुळीच नाही.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मात्र तिने धीर केला. बाबा ओटीवर विळ्याला धार लावत बसले होते. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी विळा बाजूला ठेवला. संपलं, असं जिजाला वाटलं.

"आता लपवून काय जाला?" ते म्हणाले. "सांग त्यांना. बांद पयला मीच वाढवला. त्यांनी काय केला नव्हता. मी नुसता भ्यालो होतो. ते वाढवतील, त्याच्या आधी आपुन वाढवू, असा वाटला."

"बाबा, नाव सांगू?"

"नाव नाय सांगितला त खरा कोन धरल?"

जिजाला रडूच आलं. म्हाताऱ्याचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे सुमेध सर आणि मुंबईहून आलेल्या परीक्षक ज्ञानदा मॅडम. जिजाने सुरुवातच केली, "गेल्या वर्षी मी खोटं लिहिलं." सर सावरून बसले. तिने सासऱ्याचं नाव घेऊन खरी हकिकत सांगितली.

"सर, तुमचं अर्धं बरोबर आहे. डोक्यावर कुणी नव्हतं म्हणून माझे सासरे भ्याले. त्यांना कुणाला बुडवायचं नव्हतं, आपलं वाचवायचं होतं. पण पलीकडून बघणाऱ्याला ती चढाईच दिसली. मग त्यांनीही वाढवला."

"तेच तर मी शिकवतो," सर म्हणाले. "मग जो बलवान तो तरला असेल."

"बलवान आम्हीच होतो. गाव मोठं, माणसं जास्त. आमचा बांध उंच झाला, आणि आमचाच आधी फुटला."

"तो कसा?" मॅडमनी विचारलं.

"घाईने रचलेली ओली माती, मॅडम. बांध बसायला दोन उन्हाळे लागतात. शिवाय सगळी माणसं बांधावर, त्यामुळे लावणीही राहिली. त्यांचाही तसाच घाईचा, तो चार दिवसांनी फुटला. त्या साली दोन्ही गावांत भाताचा दाणा नव्हता."

"आणि मग दोन्ही गावं साधुसंत झाली?" सरांनी टोमणा मारला.

"साधुसंत झाली असती तर काठी कशाला लागली असती?" जिजा म्हणाली. नळावरची जिजा आता परत आली होती. "आम्ही अजून स्वार्थीच आहोत, सर. विश्वास नाही म्हणून तर मोजतो. पण आपला बांध दुसऱ्याला मोजू देतो, म्हणून कुणी कुणाला भीत नाही. ताकद लपवली की शेजारी घाबरतो. आणि घाबरलेला शेजारी काय करतो, ते माझ्या सासऱ्यांनी करून दाखवलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोठ्याने हसले. "पंधरा वर्षं शिकवतोय. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं."

बाहेर फाटकापाशी जयरामबाबा धुतलेला सदरा घालून उभे होते. सर स्वतः बाहेर आले आणि त्यांना म्हणाले, "तुमची सून पहिल्या वर्गात पास झाली." बाबांनी हात जोडले.

तोंडून शब्द फुटला तो स्टँडवर. केळी विकणाऱ्या ग्रेसीसमोर बाबा थांबले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी सून एम.ए. जाली! आनि बांद पयला मीच वाढवला होता, म्हाईत हाय?"

ग्रेसीला कसला बांध ते कळेना. तिने विचारलं. जयरामबाबा टोपलीशेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. समोर एसटी लागली होती. जिजाने ती जाऊ दिली.