माळ्यावर चढणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी ती उचलून बघितली जायची. महाडच्या बाजारात खालच्या अंगाला राहणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी छातीभर आत आलं आणि बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान, घरातलं कपाट, फ्रिज, सगळं एका दिवसात चिखलात गेलं. तेव्हापासून बाबांचा नियम होता: एकट्या माणसाला शिडीवरून माळ्यावर चढवता येईल तेवढंच घरात आणायचं. पुढचा फ्रिज त्यांनी कमरेएवढाच घेतला. आई कुरकुरली, पण फ्रिज चढला.

पुढे बाबांचं उजवं अंग गेलं. बोलणं अडखळतच यायचं. मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून असायचे आणि काही हवं असलं की डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर स्टीलचा पेला वाजवायचे. पेला वाजला की आई नाहीतर मी, कुणीतरी उठायचं.

मी घरीच काम करतो. मुंबईला नोकरीला असलेली माणसं गावी घर बांधतात, ते बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याची चित्रं कॉम्प्युटरवर करून देतो. एकेका चित्राला प्रोसेसर तासन् तास राबतो. त्याला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कामं लवकर उरकतील म्हणून करतोय, असं मी घरात सांगितलं. खरं सांगायचं तर ती हौस होती. दुसऱ्यांच्या मशीनच्या वेगाचे आकडे बघून मला चैन पडत नव्हतं.

पळवला की प्रोसेसर तापतो, आणि नियमामुळे माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट होतं बुटाच्या दोन खोक्यांएवढं. प्रोसेसर गार ठेवणारा चांगला उंच कूलर बसवला तर त्याची बाजूची झडप लागेना. लिक्विड कूलर मात्र बसत होता. त्यात नळीतून पाणी फिरतं, उष्णता बाहेर नेतं, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मी तोच ठरवला होता. बाबांना मोबाईलवर त्याचं चित्र दाखवलं, तर त्यांनी नळ्यांवर बोट ठेवून विचारलं, यात काय आहे. पाणी आहे म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली.

"पाणी नको रे," ते म्हणाले. "भायेर हाय तेवढं पुरे."

ते पाणी पेलाभरसुद्धा नसतं, सहसा गळत नाही, सगळं समजावलं. पण चिखलातून वह्यांचे गठ्ठे ज्यानं ओढून काढलेत त्याला मी काय पटवणार? आईही त्यांच्याच बाजूनं बोलली. मग उरला तो बसका कूलर. उंचीला जेमतेम चार बोटं, वर तळहाताएवढा पंखा. पंखा लहान म्हणून तो जिवाच्या आकांतानं फिरणार आणि ओरडणार, हे मला पुरतं माहीत होतं. तरी घेतला. वेग कमी ठेवला असता तर तोही गप्प राहिला असता. ते मला नको होतं.

जोडून झाल्यावर बाबांनी मला कॅबिनेट उचलून त्यांच्यासमोर शिडी चढायला लावलं. मी चढलो, उतरलो. त्यांनी डाव्या हातानं बरं म्हणून खूण केली. त्या दिवशी ते खूश होते.

काम सुरू झालं की घरात मिक्सर लावल्यासारखा आवाज. आई वैतागायची, बाबा कधी बोलले नाहीत. मी कानांवर हेडफोन चढवू लागलो. पेला वाजला तरी आई होतीच.

शिमग्याला उमरठला मामाकडे पालखी घरी येणार होती, म्हणून आई दोन दिवस गेली. ऊन मरणाचं होतं. बारा वाजता मी बाबांना भात कालवून भरवला, तोंड पुसलं. ताक आंबट आहे म्हणाले. पेल्यात पाणी भरून हाताशी ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन कुडपणच्या एका घराचं चित्र लावलं. त्या उकाड्यात एवढ्या वेगावर मशीन टिकतंय का, हे मला बघायचं होतं. बाजूला तापमानाचा आलेख उघडला, हेडफोन लावले आणि बसलो. मधे एकदाही उठलो नाही.

साडेचारला चहा घेऊन आत गेलो. बाबा खाटेवर आडवे झुकलेले, तोंड वाकडं, डोळे उघडे. पेला जमिनीवर होता. सांडलेलं पाणी सुकून गेलं होतं.

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत पाच वाजून गेले. गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, ते झटका आल्यापासून चार-साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "यांना शेवटचं धड कधी बघितलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बारा वाजता, जेवताना. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मधे घरात कुणी नव्हतं का, असं विचारलं. मी होतो, म्हणालो. मग बारापासूनच वेळ धरावी लागेल, ते म्हणाले. इंजेक्शन दिलं नाही.

नऊ दिवसांनी बाबा गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू आईजवळ येऊन बसल्या होत्या. बाबांना झटका आला त्या दुपारी त्या मागच्या अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. जाताना दारात मला म्हणाल्या, "पेला लय वेळ वाजत व्हता रे. मी म्हटलं, तू हायसच घरात."

कधी वाजत होता, किती वाजता, मी दोन-तीनदा विचारलं. त्यांना सांगता येईना. दुपारीच, म्हणाल्या. आईनं ते ऐकलं. ती आत निघून गेली, आणि आजवर मला त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मशीन साध्या वेगावर चालतं. पंखा फिरतोय हे कान लावल्याशिवाय कळत नाही. त्या दुपारचा आलेख मी पुसलेला नाही. सव्वाबारापासून साडेचारपर्यंत दर सेकंदाचं तापमान त्यात आहे. दोन वाजून अकरा मिनिटांनी ते ब्याण्णवला गेलं, मग उतरलं, तीन वाजता पुन्हा चढलं. साडेबाराला वाजला असेल, की साडेतीनला? साडेतीनला असेल तर इंजेक्शनला वेळ होता. मी ती रेघ पुढेमागे सरकवत बसतो. बाबांनी किती वेळ हाक मारली, ते तिच्यात कुठेच नाही.